मिरगापर्यंत गळती

"तीन नंबरच्या वाफ्याला तहान लागली आहे," शेडमधलं यंत्र म्हणालं.

"मलाबी लागलीय," बाजेवर बसलेली भागा म्हणाली.

यंत्राने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. माणसांच्या तहानेशी त्याला कर्तव्य नव्हतं. टाकीखालची झडप खट्ट वाजून उघडली, शेजारच्या हरितगृहात तिसऱ्या ओळीच्या नळ्या ठिबकू लागल्या, आणि थोड्या वेळाने त्याच गंभीर आवाजात निवेदन आलं, "तीन नंबरचा वाफा समाधानी आहे. काळजी नसावी."

"वाफा समाधानी हाय म्हणं." भागाने हातातली वाटी ओठांना लावली, जीभ भिजेल एवढाच घोट घेतला आणि उरलेलं पाणी संध्याकाळसाठी झाकून ठेवलं.

भागाची दोन्ही मूत्रपिंडं काही वर्षांपूर्वी निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जाऊन रक्त धुऊन आणायचं आणि मधल्या दिवसांत पाणी मोजून प्यायचं, असं तिचं आयुष्य झालं होतं. प्यालेलं पाणी बाहेर टाकायला आत कुणी नाही, ते अंगात साठतं, फुप्फुसांत चढतं, हे डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं आणि तिला ते पटलंही होतं. तहानेला मात्र कुणी काही पटवू शकत नाही. अशा बाईने दिवसभर कुठल्या ना कुठल्या वाफ्याच्या तहानेची बातमी ऐकत बसायचं, हा छळ यंत्र बनवणाऱ्याच्या डोक्यातही कधी आला नसेल. ती त्या यंत्राला 'मास्तर' म्हणायची, कारण त्याचं मराठी क्रमिक पुस्तकातलं होतं.

त्याचं खरं नाव पानकान. वाईच्या वरच्या अंगाला असलेल्या वेळंबी गावात आता असं एकही हरितगृह उरलं नव्हतं, जिथे तो नव्हता. बोलणारा खोका शेडमध्ये, पण त्याचा कान दिसायला साधा, वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात त्या चिमट्याएवढा. तो रोपाच्या देठाला लावायचा, बस. रोपाच्या अंगात केसाहून बारीक नळ्या असतात आणि मुळांपासून पानांपर्यंत पाण्याचे अखंड धागे त्यांतून वर ओढले जात असतात. मुळाशी पाणी कमी पडलं की या धाग्यांना ताण बसतो. ताण फारच वाढला की धागा तुटतो, तिथे बुडबुडा धरतो, आणि बुडबुडा धरताना 'टिक' असा आवाज होतो. झाडं तहानेने अशी टिकटिकतात हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं, पण तो आवाज इतका उंच पट्टीतला की माणसाच्या कानाला त्याचा पत्ता नसतो. पानकानाने तो ऐकला, खाली उतरवला आणि गावाला ऐकवला. तेव्हापासून वेळंबीच्या बायका एकमेकींना "माझी ढोबळी आज लई कुरकुर करतीय" असं सांगू लागल्या, जणू काही सुनेबद्दलच बोलतायत.

हे हरितगृह भागाच्या थोरल्या बहिणीचं, प्रयागा गुरवचं. बापाने दोघींना तीर्थांची नावं ठेवली होती, प्रयागा आणि चंद्रभागा, आणि त्यातल्या धाकटीच्या वाट्याला वाटीभर पाणी आलं होतं. प्रयागाने शेतकीची पदविका घेतलेली, हाताने जरा कडक, बोलण्यात त्याहून कडक. ती स्ट्रॉबेरीची मातृरोपं सांभाळायची. पूर्वी ही रोपं परदेशातून यायची, पण अलीकडच्या उन्हाळ्यांपुढे ती माना टाकायची. दोन वर्षांपूर्वीच्या भयंकर उन्हात साऱ्या गावाची रोपं करपली तेव्हा प्रयागाच्या कोपऱ्यातलं एक रोप हिरवंगार उभं राहिलं. त्याच एका रोपाची प्रजा आता या हरितगृहात होती. पावसाळ्याअखेर तीच गावभर लावली जाणार होती. दुसरीकडे कुठेही ती नव्हती.

भागाला एक गोष्ट मात्र कधी दिसली नव्हती. आक्का समोर बसून पाणी पिताना. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं. प्रयागा टाकीमागे जाऊन प्यायची. बहिणीच्या वाटीकडे पाहून आलं की तिला स्वतःचा तांब्या तोंडाला लावणं चोरीसारखं वाटायचं, म्हणून अर्ध्यावरच थांबायची. मूत्रपिंड देता येईल का याच्या तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, "तुम्ही पाणी फार कमी पिता का?" ती म्हणाली, "सवय हाय तशी."

बाकी सगळं जुळलं होतं. थोरलीचं एक मूत्रपिंड धाकटीला द्यायचं ठरलं, अवयवदानाच्या समितीपुढे जबाब झाले, आणि पुण्याच्या रुग्णालयातून वैशाखातली तारीख आली. त्याच आठवड्यात पाणीयोजनेवाल्यांचाही निरोप आला. मुख्य वाहिनी दुरुस्तीसाठी महिनाभर बंद.

प्रयागाने यंत्रासमोर उभं राहून विचारलं, "टाकीतलं पाणी किती दिवस पुरंल?"

"सध्याच्या मागणीनुसार आठवडाभर," मास्तर म्हणाले. "त्यानंतर क्षमस्व."

"तारीख फुडं ढकलू," भागा लगेच म्हणाली. ती हे वाक्य तयारच ठेवून बसली होती.

"गप बस."

"अगं, मला काय, सवय झालीय. रोपांना सवय नाय."

पुढची तारीख कधी मिळेल हे कुणी सांगत नव्हतं आणि भागाचं शरीर किती वाट पाहील तेही कुणी सांगत नव्हतं. प्रयागा उठून देवळात गेली. वैशाखात देवाला गळती लावायची असते, आणि ते काम गुरवाचं.

गळती म्हणजे पिंडीवर टांगलेलं तांब्याचं भांडं. बुडाला बारीक भोक, भोकात सुताची वात, वातीतून थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहतं. उन्हाच्या तलखीत देवाचा जीव थंड राहावा, म्हणून ती लावायची आणि मिरगाचं नक्षत्र लागलं की उतरवायची. मध्येच उतरवत नाहीत. उतरवायचं नावही काढत नाहीत. भांड्याची लोखंडी तिवई त्या वर्षी हलत होती, म्हणून देवळासमोरच्या वेल्डिंगच्या दुकानातून यासीनभाई शिकलगार आले आणि पायरीवरूनच तिवईला टाका मारून दिला. प्रयागाच्या वडिलांच्या वेळेपासून तिवई दुरुस्त करायचं काम शिकलगारांकडेच होतं.

थेंब पडू लागला तसे ते म्हणाले, "काय गं प्रयागा, देवाला थेंब थेंब पुरतंय, आणि तुझ्या रोपांना धो धो लागतंय व्हय? देवापेक्षा मोठी झाली का ती?"

थट्टा होती. पण प्रयागा भांड्याकडे बघत राहिली ती राहिलीच. मग म्हणाली, "भाई, दुकान बंद करा. चला माझ्याबरोबर."

पानकानाचा दोष असा की तो ऐकायचा चांगलं, पण द्यायचा उधळ्या हाताने. रोपाने हाक मारली की झडप उघडून ओळभर पाणी. त्यातलं निम्मं माती पिऊन टाकायची नाहीतर ऊन. प्रयागाला हवी होती अशी व्यवस्था जिच्यात रोपाला हाकच मारावी लागणार नाही. कुंभाराकडून तिने बिनरंगाची साधी गाडगी आणली, भाजलेली पण तुळतुळीत न केलेली, कारण रंग लावलेलं गाडगं पाझरत नाही. प्रत्येक रोपाशेजारी एक गाडगं गळ्यापर्यंत पुरलं. माती कोरडी झाली की ती गाडग्याच्या अंगातून पाणी ओढून घेते, ओली असली की ओढ थांबते. इतकं साधं. यासीनभाईंनी जुन्या संडासाच्या फ्लशमधला तरंगता गोळा आणून एका डब्यात बसवला. टाकीचं पाणी डब्यात, डब्यातून बारीक नळ्यांनी गाडग्यांत. गाडगी भरली की गोळा वर येऊन पाणी अडवायचा. लांबच्या ट्रेमधल्या लहान रोपांसाठी सुती वाती केल्या. त्यासाठी भागाने बाजेवर बसून जुन्या लुगड्यांच्या चिंध्या वळल्या. टेरीकॉटची वात पाणी चढवत नाही, हे तिनेच एका वाटीत बुडवून शोधून काढलं.

"कोणत्या वाटीत?" प्रयागाने विचारलं.

"माझ्याच की. दुपारचं पाणी होतं. वाया गेलं जरासं," भागा म्हणाली आणि पुढची वात वळू लागली.

काही दिवसांत मास्तर गप्प झाले. इतके गप्प की प्रयागाने दोनदा जाऊन ते चालू आहेत ना ते पाहिलं. टाकीतलं पाणी आता मिरगाच्याही पुढे जाईल असा त्यांचा हिशोब होता. या गावात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या हरितगृहात कुणालाच तहान लागली नव्हती, आणि त्या शांततेत भागाला दुपारी झोप लागायला लागली.

निघायच्या दिवशी पिशव्या दारात, गाडी रस्त्यावर. देवळातली पाळी चुलतभावाकडे सोपवलेली, हरितगृहावर एक नजर ठेवायला यासीनभाई. टोकाच्या वाफ्यातल्या काही रोपांचे रनर, म्हणजे जमिनीवरून दोरीसारखे धावणारे फुटवे, कापायचे राहून गेले होते. एरवी रोपाने मूळ धरलं की ती ते कापून रोपं वेगळी करायची. आता वेळ नव्हता. तिने टाकीवर हात ठेवला आणि देवळातून निघताना म्हणतात तसं यंत्राला म्हणाली, "गळती लागलीय बरं का. आता तूच सांभाळ."

"गळतीची नोंद घेतली," मास्तर म्हणाले. "योग्य ती कार्यवाही करतो. काळजी नसावी."

"शहाणं हाय लेकरू," भागा म्हणाली, आणि दोघी हसत गाडीत बसल्या.

मास्तरांनी खरोखरच योग्य ती कार्यवाही केली. त्यांना शिकवणाऱ्यांच्या कोशात गळती या शब्दाचा एकच अर्थ होता. नळ फुटतो, टाकीला चीर जाते, पाणी वाया जातं, ती गळती. ती कळताच टाकीची झडप बंद करायची. गाडी गावाची वेस ओलांडायच्या आत त्यांनी ती बंद केली होती. कळवलं नाही, कारण कळवायचं काय? मालकांनीच तर सांगितलं होतं.

गाडग्यांमध्ये पाणी होतं, म्हणून बरेच दिवस काही बिघडलं नाही. प्रयागा रुग्णालयात रोज फोन उघडून पानकानाचा आवाज लावायची आणि काहीच ऐकू आलं नाही की समाधानाने बंद करायची. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी तिने फोन उघडला. टिक. मग दोन. मग तव्यावर मोहरी तडतडावी तसं सगळं हरितगृह.

तिने पटकन आवाज बंद केला, पण शेजारच्या खाटेवरून भागाने ऐकलं होतं. तिच्या हाताला सुई लावलेली, डोक्यावर औषधाची बाटली टांगलेली.

"ती वरडतायत आक्का."

"असंल काहीतरी."

"असंल काय, सगळी वरडतायत. तू जा गावाला."

"उद्या आपरेशन हाय."

"म्हणूनच सांगते, आजच जा." भागा उठून बसली. "रोपं गेली तर ती परत येत न्हायत. साऱ्या गावचं ते एकच बी हाय. मला काय, अजून चार महिने रक्त धुईन. मी सही केलीय तशी खोडीनबी."

ती हे खरंच करेल, हे प्रयागाला ठाऊक होतं. चार महिने निघतील का, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. प्रयागाला बहिणीचा असा काही राग आला की तिला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिचा हात पिशवीकडे गेला होता हेही खरं. तिने तो मागे घेतला आणि यासीनभाईंना फोन लावला.

ते दुकानातून तसेच धावले. हरितगृहात पोचल्यावर त्यांचा दम लागलेला आवाज आला, "टाकीत पाणी भरपूर हाय गं. झडप बंद हाय. उघड म्हणतोय तर हे मास्तर म्हणतंय मालकांच्या आवाजाशिवाय उघडता येत नाय. तोडू का?"

"तोडू नका. सगळी टाकी जमिनीत जाईल. फोन त्याच्या तोंडाशी धरा." शेजारच्या हरितगृहांतल्या बायका बादल्या घेऊन आल्या होत्या, त्यांचे आवाज मागे ऐकू येत होते. कुणी बोलावलं नव्हतं. गावातली सगळी यंत्रं एकमेकांना जोडलेली, त्यांच्याच यंत्रांनी सांगितलं होतं, की प्रयागाकडचं सगळं रान तहानलंय.

"मालकांचा आवाज ओळखला," मास्तर म्हणाले. "आपण गळतीची तक्रार केली होती. त्यानुसार झडप बंद आहे. गळती थांबली असल्यास 'गळती बंद झाली' असे स्पष्ट म्हणावे."

प्रयागाच्या लक्षात सगळं आलं. तिने कपाळावर हात मारला आणि बोलायला तोंड उघडलं. तोंडातून शब्द बाहेर पडेना.

वैशाख होता. देवळात पिंडीवर थेंब पडत होते. वैशाखात गुरवाच्या घरात जन्मलेल्या बाईने 'गळती बंद झाली' म्हणायचं, आणि तेही बहिणीच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी. समोर भागाच्या डोक्यावर ती बाटली होती, आणि तिच्यातून थेंब पडत होते.

"म्हण की," भागा म्हणाली. "तीन शब्द हायत. देव काय उतरून येतोय व्हय?"

"मग तूच म्हण."

भागानेही तोंड उघडलं आणि मिटलं. "माझा आवाज त्याला चालायचा न्हाय," ती पुटपुटली.

फोनमधून यासीनभाई म्हणाले, "मी म्हटलं असतं गं. पण मलाबी आता नको वाटतंय."

फोनमध्ये मागे टिकटिक चालूच होती. या असल्या वेळी अडून बसणाऱ्या माणसांना कुणी अडाणी म्हणेल. म्हणू द्यावं. आपल्या माणसाच्या डोक्यावर थेंब थेंब जीव उतरत असताना तो थांबला असं तोंडाने म्हणायला न धजणं, यात काही अडाणीपणा आहे असं निदान या लेखकाला वाटत नाही.

प्रयागाने फोन दोन्ही हातांत धरला आणि पोराला समजवावं तशी बोलू लागली. "मास्तर, ऐका. चूक माझी झाली. तुम्हाला ठाऊक हाय ती गळती निराळी, माझी निराळी. तुमची फुटून होती. माझी आपल्या हातानं लावलेली असती."

"आपल्या गळतीत पाणी वाया जाते का?"

"न्हाय जात. खाली कोण तापलेलं असतं, त्याला जातं."

"किती जाते?"

"त्याला लागंल तेवढंच."

"ती थांबवायची आहे का?"

"मिरगापर्यंत न्हाय," प्रयागा म्हणाली. "मिरगापर्यंत काही झालं तरी थांबवायची न्हाय."

यंत्र म्हणालं, "गळती शब्दाचा दुसरा अर्थ नोंदवला. मिरगापर्यंत गळती चालू ठेवतो. काळजी नसावी."

झडप उघडल्याचा खट्ट आवाज पुण्यापर्यंत ऐकू आला. यासीनभाईंनी मग डबा, गोळा, नळ्या सगळं वाकून वाकून तपासलं. संध्याकाळ व्हायच्या आत टिकटिक विरत विरत थांबली. भागा पुन्हा आडवी झाली आणि म्हणाली, "खोडत न्हाय सही."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. प्रयागाला शुद्ध आली तेव्हा डॉक्टरीणबाई तिच्या कानाशी वाकून सांगत होत्या की तुमचं मूत्रपिंड बहिणीच्या पोटात जाताच कामाला लागलं, वाट पाहिलीच नाही. प्रयागाला आयुष्यात इतका आनंद कशाचा झाला नव्हता. ती गुंगीतच हात जोडून एकेकाचे आभार मानत सुटली. डॉक्टरांचे, परिचारिकेचे, कुंभाराचे, यासीनभाईंच्या फ्लशच्या गोळ्याचे. परिचारिकेला वाटलं, बाई भुलीत बरळतेय. बाई अगदी शुद्धीवर होती.

काही दिवसांनी तिला चाकाच्या खुर्चीतून भागाच्या खोलीच्या काचेपर्यंत नेलं. आत भागा उशीला टेकून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात पाण्याने भरलेला मोठा पेला दिला आणि सांगितलं, "आता पीत राहायचं. जितकं जास्त, तितकं चांगलं. हे मूत्रपिंड ओलं राहिलं पाहिजे."

भागाने जुन्या सवयीने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवायला जागा शोधू लागली.

"सगळं प्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग ती प्याली. थांबून, श्वास घेऊन, पुन्हा प्याली. शेवटी तळ वर करून प्याली आणि रिकाम्या पेल्याकडे बघत रडू लागली. काचेपलीकडून प्रयागा तिच्याकडे पाहत होती. सख्ख्या बहिणीचे आभार मानायला मराठीत शब्द आहेत, पण ते कुणी वापरत नाही. भागाने पेला काचेला टेकवून बहिणीला दाखवला आणि म्हणाली, "गोड हाय गं." काचेतून आवाज आला नाही, पण ते कळायला पानकानाची गरज नव्हती.

मिरगाच्या तोंडाला दोघी वेळंबीला परतल्या. भागाला मातीपासून लांब राहायला सांगितलं होतं, म्हणून तिने तोंडावर मास्क बांधून शेडच्या पायरीवर बैठक मारली, शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या ठेवून. हरितगृह हिरवंगार होतं. बादल्या घेऊन धावलेल्या बायका येऊन बसून, चहा पिऊन गेल्या. यासीनभाईंनी तरंगत्या गोळ्याला हळदकुंकू कुणी लावलं ते मला माहीत नाही, असं शपथेवर सांगितलं.

ते गेल्यावर मास्तर म्हणाले, "मालकांच्या अनुपस्थितीतील एक नोंद अपूर्ण आहे. टोकाच्या वाफ्यातील आठ नंबरच्या गाडग्याची नळी दुमडलेली आहे."

प्रयागा हळूहळू चालत टोकाला गेली. वाकायची मनाई होती, म्हणून काठीने पाला बाजूला केला. नळी खरोखरच दुमडलेली होती, बहुधा त्या दिवशी तपासणी झाल्यावर बादल्या घेऊन परतताना कुणाचा तरी पाय पडून. गाडगं कोरडं ठणठणीत, माती भेगाळलेली. आणि आठ नंबरचं रोप जिवंत. जरा बारीक, पण जिवंत.

"ह्यानं हाक कशी मारली न्हाय?" तिने विचारलं.

"आठ नंबरने सुरुवातीला हाक दिली. मग ती कमी झाली. त्याच वेळी सात नंबरचे रोप टिकटिक करू लागले. सात नंबरच्या गाडग्यात पाणी भरपूर होते. त्याच्या मुळांशी ओल होती. त्याला तहान लागण्याचे कारण सापडले नाही. तरीही त्याने मिरगापर्यंत अर्धी हाक दिली."

प्रयागाने काठीचं टोक पुढे नेलं. सात आणि आठच्या मधे, पाल्याखाली, न कापलेला रनर होता. एकाच फुटव्यावर धरलेली ती दोन रोपं, सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. कोरड्या मातीतली मुळं काही देईनात, तेव्हा आठ नंबरने रनरमधून पाणी ओढलं, आणि सात नंबरने ओढू दिलं. दोघींना पुरवायचं म्हणून स्वतःच्या धाग्यांना ताण बसेपर्यंत ओढू दिलं. प्रयागाने हे सगळं पायरीकडे परत येऊन भागाला सांगितलं, शेतकीच्या भाषेत, जरा रुक्षपणेच, कारण नाहीतर तिला सांगता आलं नसतं.

भागा ऐकत होती. मग मास्क जरासा खाली ओढून म्हणाली, "टाकीमागं जाऊन प्यायचीस तू. अर्धा तांब्या. भांड्याचा आवाज यायचा मला."

प्रयागाने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"एवढी वर्षं मला वाटायचं, माझी तहान जरा कमी कशी झाली." भागाने शेजारचा तांब्या उचलला आणि बहिणीपुढे धरला. "घे. आधी तू पी. माझ्यासमोर पी. सगळा."

प्रयागाने तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडाला लावला.

"नोंद अजून अपूर्ण आहे, म्हणून विचारतो," मास्तर शेडमधून म्हणाले. "सात नंबरला लागलेली ती तहान कोणाच्या नावावर नोंदवू?"